दुधाचे दात, पक्के दात: पालक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

ठाण्यात मी फक्त लहान मुलांचे दात बघते. नौपाड्याच्या जुन्या इमारतींतून मुलं येतात, घोडबंदर रोडच्या टॉवरांतून येतात, कळवा-ऐरोलीहून येतात. पत्ते वेगळे असले तरी प्रश्न तेच, आणि बरेचसे व्हॉट्सॲपवर, रात्री साडेदहानंतर. म्हणून एकदा सगळी उत्तरं लिहून ठेवतेय. प्रश्न तुमच्याच शब्दांत आहेत.

बाळ नऊ महिन्यांचं झालं, एकही दात नाही. शेजारच्या बाळाला चार आलेत. कॅल्शियम कमी पडतंय का?

बहुधा नाही. पहिला दात साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान दिसतो, पण चौथ्या महिन्यात दात आलेली बाळंही मी पाहिलीत आणि पहिल्या वाढदिवसाच्या केकसमोर बोळकं पसरून हसणारीही. दोन्ही ठणठणीत. आई-बाबांपैकी कुणाचे दात उशिरा आले होते का, हे आजीला विचारा. निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं. बाळ महिने पूर्ण व्हायच्या आत जन्मलं असेल, तर जितके आठवडे लवकर आलं तितके वयातून वजा करून मोजा.

दात बनण्यासाठी लागणारं साहित्य बाळ तुम्ही आज दिलेल्या चमच्यातून घेत नाही. दुधाच्या दातांचे अंकुर गर्भात सहाव्या आठवड्याच्या सुमाराला धरतात आणि चौथ्या महिन्यात ते कडक व्हायला लागतात. बाळ जन्मतं तेव्हा वीसच्या वीस दात हिरडीखाली कमी-अधिक तयार असतात, फक्त रांगेत उभे. तेव्हा औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने कॅल्शियमची बाटली आणू नका. तेरा महिने उलटूनही काही दिसत नसेल तर दाखवा. दीड वर्ष झालं तर नक्कीच दाखवा, कारण थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता, क्वचित जन्मतः दातच कमी असणं, या गोष्टी तपासाव्या लागतात.

कुठला दात कधी येतो ते एकदा सांगून टाका.

आधी खालचे मधले दोन, सहा ते दहा महिन्यांत. मग वरचे मधले दोन, आठ ते बारा. त्यांच्या शेजारचे पटाशीचे दात नऊ ते सोळा महिन्यांत. इथपर्यंत सगळ्यांचं लक्ष असतं, फोटो निघतात. त्यानंतर मात्र क्रम बघून लोक गोंधळतात, कारण सुळ्याची जागा रिकामी ठेवून मागे थेट दाढ उगवते. ते बरोबरच आहे. पहिली दाढ तेरा ते एकोणीस महिन्यांत, सुळे सोळा ते तेवीस महिन्यांत, आणि शेवटची दुधाची दाढ दोन ते पावणेतीन वर्षांत. तिसऱ्या वाढदिवसापर्यंत वर दहा, खाली दहा. एक-दोन महिने इकडे-तिकडे झाले तर कॅलेंडर फाडू नका. मी डावीकडचा आणि उजवीकडचा दात एकाच सुमाराला येतोय का ते जास्त बघते. एका बाजूचा येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूला पत्ताच नाही, तर मला दाखवा.

वरचे दात आधी आले. सासूबाई म्हणतात मामाला जड.

मामाला फोन करून विचारा, बरा असेल. क्रम मागे-पुढे होणं अगदी साधं आहे, दातांच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही. मात्र घरात त्यासाठी काही छोटा विधी करायचा असेल तर करू द्या. मामाकडून बाळाला चांदीची वाटी मिळणार असेल तर मी कशाला आड येऊ?

आमच्या बाळाला जन्मतःच दात होता.

साधारण दोन-तीन हजार बाळांत एखाद्याला असतो. अशुभ वगैरे काही नाही. बहुतेक वेळा तो दुधाचाच नेहमीचा दात असतो, घाईने आलेला, जास्तीचा नव्हे. फार हलत असेल, दूध पिताना निसटून घशात जाईल असं वाटत असेल किंवा बाळाच्या जिभेखाली जखम करत असेल, तरच काढतो. नाहीतर कडा गुळगुळीत करून ठेवतो. घरी दोऱ्याने वगैरे काढायला जाऊ नका.

दात येताना ताप आणि जुलाब होणारच ना?

या एका समजुतीने सर्वात जास्त नुकसान केलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दात येताना लाळ गळते, लाळेरं तासाभरात ओलं होतं, हनुवटीवर पुरळ येतं, बाळ हाताला लागेल ते चावतं, झोप मोडते, थोडं किरकिरतं. अंग किंचित कोमट लागू शकतं. हे सगळं दात वर येण्याआधीचे तीन-चार दिवस आणि नंतरचे दोन-तीन, एवढंच. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप दातामुळे येत नाही. पाण्यासारखे जुलाब दातामुळे होत नाहीत. उलट्या तर नाहीच.

मग दोन्ही एकाच वेळी का दिसतं? कारण सहा महिन्यांच्या आसपास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, वरचं खाणं सुरू होतं, बाळ रांगायला लागतं आणि फरशीवरचं सगळं तोंडात जातं. जंतू याच काळात पोटात जातात आणि दातही याच काळात येतात. नाव दाताचं होतं. एका बाळाला चौथ्या दिवशी माझ्याकडे आणलं होतं, ‘दाताचे जुलाब’ म्हणून. टाळू खोल गेली होती, रडताना डोळ्यांत पाणी नव्हतं. मी तोंडात बघितलंसुद्धा नाही, तसंच बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्याच दुपारी सलाईन लावावं लागलं. ताप आणि जुलाब असतील तर आधी मुलांचे डॉक्टर. दात मी नंतर बघते, ते कुठे पळून जात नाहीत.

हिरड्या शिवशिवतात, काय देऊ?

स्वच्छ सुती फडकं ओलं करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि एक टोक बाळाच्या हातात द्या. फ्रीजरमध्ये नको, गोठलेल्या वस्तूने हिरडी भाजल्यासारखी होते. धुतलेल्या बोटाने हिरडी हलकेच चोळा. चावायचं खेळणं घ्यायचं तर एकसंध रबराचं, आत पाणी भरलेलं नको.

काय देऊ नये याची यादी मोठी आहे. दोऱ्यात बांधलेली खारीक: गोडही, आणि तुकडा सुटला तर घशात. गाजराची काडी: तेच. मध: एक वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. ऑनलाइन मिळणाऱ्या पिवळ्या मण्यांच्या माळा: गळ्याला फास बसायची भीती. हिरडी बधिर करणारी जेल: त्यातल्या बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी दोन वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नका असं स्पष्ट बजावलंय. आणि मिश्री. हो, आजही. गावाहून आलेली पणजी प्रेमाने चिमूटभर लावते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. पणजीला दुखावायचं नसेल तर माझं नाव सांगा.

दात यायच्या जागी निळा-जांभळा फुगा आलाय!

दात हिरडीखाली येऊन थांबलाय आणि त्याच्याभोवती पाणी किंवा थोडं रक्त जमलंय. दिसायला भयंकर, पण बहुधा निरुपद्रवी. दात वर आला की फुगा फुटून जातो. पू, ताप किंवा खूप दुखणं असेल तरच या.

ब्रश कधीपासून? कुठली पेस्ट?

पहिला दात दिसला त्या दिवसापासून. त्याआधी ओल्या फडक्याने हिरड्या पुसल्या तरी पुरे.

पेस्ट फ्लोराइडवाली. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं मटारच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाट काढलेली असते, ती विसरा. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड असायला परवानगी आहे; मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टांत त्याच्या निम्मंच असतं, काहींत शून्य. खोक्यावरचं कार्टून बघून घेऊ नका, मागची बारीक अक्षरं वाचा. १००० च्या आसपासची पेस्ट, पण दाण्याएवढीच, आणि ती मोठ्या माणसाने लावून द्यायची.

‘पाण्यात फ्लोराइड असतंच ना?’ असं विचारणारे बहुधा यवतमाळ, चंद्रपूर किंवा नांदेडकडचे असतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त असतो. तिकडे काही भागांत बोअरच्या पाण्यात इतकं फ्लोराइड आहे की दातांवर तपकिरी पट्टे येतात. ठाण्यात नळाला येणारं पाणी भातसा, बारवी, उल्हास नदीच्या बाजूचं, नवी मुंबईचं मोरबे धरणाचं. हे नदी-धरणाचं पाणी, खोल बोअरचं नव्हे, आणि आपल्या देशात पाण्यात वरून फ्लोराइड मिसळत नाहीत. तुमची सोसायटी वर्षभर टँकरवर असेल आणि तो बोअरचं पाणी आणत असेल, तर एकदा पाणी तपासून घ्यायला कमिटीला सांगा. एरवीही ते केलेलं बरं.

ब्रश करायचा कसा? बाळाचं डोकं मांडीवर घ्या, आजी कानात तेल घालायची तसं. वरून तोंड नीट दिसतं. रडलं तर रडू दे, रडताना तोंड उघडंच असतं. ‘आता माझं मी करतो’ म्हणणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला करू द्या, मग तुमचा हात फिरवा. वहीतलं अक्षर ओळीत यायला लागेपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षांचं होईपर्यंत, ब्रशही ओळीत फिरत नाही.

रात्री दुधाची बाटली तोंडात असल्याशिवाय झोपत नाही.

वरचा ओठ उचलून बघा. आत्ता, हे वाचतावाचता. वरच्या पुढच्या दातांवर, अगदी हिरडीलगत, खडूने ओढल्यासारखी पांढुरकी रेघ दिसतेय का? ती किडीची पहिली पायरी. पुढच्या काही महिन्यांत ती पिवळी होते, मग तपकिरी, मग दात खालून कुरतडल्यासारखा दिसतो आणि एक दिवस टोस्ट खाताना तुटतो. खालचे दात तोवर पांढरेशुभ्र असतात, कारण चोखताना त्यांच्यावर जीभ असते आणि तिथेच लाळेचं तळं असतं. वरचे खराब आणि खालचे छान, हा नमुना दिसला की मी बाटलीबद्दल विचारते.

झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दूध दातांवर तसंच बसतं, त्यात साखर किंवा चॉकलेटची पूड असेल तर जंतूंची रात्रभर चंगळ. पांढऱ्या रेघेच्या टप्प्यावर फ्लोराइड वार्निश, म्हणजे फ्लोराइडचा लेप, लावून आणि सवय बदलून दात वाचतो, ड्रिल लागत नाही. म्हणून ओठ उचलायची सवय लावा, महिन्यातून एकदा.

बाटली एका रात्रीत तोडायला जाऊ नका, इमारत जागी होईल. रोज दुधात थोडं पाणी वाढवत न्या, दोन-तीन आठवड्यांत बाटलीत नुसतं पाणी उरतं आणि मूल स्वतःच कंटाळतं. वर्षानंतर रात्रभर अंगावर पाजणं चालू असेल तर तेही हळूहळू कमी करा आणि झोपण्याआधीचा ब्रश चुकवू नका.

आम्ही चॉकलेट देतच नाही. तरी कीड कशी?

मग चहात बुडवलेलं बिस्कीट? राजगिऱ्याची वडी? गूळ ‘नैसर्गिक’ असला तरी दातातल्या जंतूंना साखरेइतकाच आवडतो. खोकल्याचं गोड औषध रात्री शेवटचं दिलं आणि मूल झोपलं, हाही एक हप्ता. काही खाल्लं की तोंडातलं आम्ल वाढतं आणि लाळेला ते पूर्ववत करायला वीस-चाळीस मिनिटं लागतात. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते महत्त्वाचं. दिवाळीत एका बैठकीत चार करंज्या खाणाऱ्या मुलापेक्षा शाळेची बस, क्लास आणि घर या प्रवासात दर अर्ध्या तासाला एक बिस्कीट खाणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटते.

दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत ना? मग खर्च कशाला?

दिवसातून दोनदा तरी ऐकते. पडणार आहेत, पण कधी? पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी, खरं आहे. दुधाच्या दाढा मात्र नऊ ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. शेवटची दुधाची दाढ पडते तेव्हा मूल सहावीत असतं. चार वर्षांच्या मुलाची दाढ किडली असेल तर तिच्यावर अजून सहा-सात वर्षं भाकरी चावायची आहे.

दुसरी गोष्ट जागेची. दुधाच्या दाढेखाली पक्की उपदाढ तयार होत असते आणि वरची दाढ तिची जागा धरून बसलेली असते, लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तशी. रुमाल लवकर उचलला की मागचा दात पुढे सरकतो, आणि खालचा यायला निघतो तेव्हा दार बंद. मग तो वाकडा येतो किंवा आतच अडकतो. तारांचा खर्च दुधाच्या दाताच्या कॅपपेक्षा कितीतरी मोठा. दाढ काढावीच लागली तर तिथे छोटी तार बसवतो, तिला स्पेस मेंटेनर म्हणतात. पुढचा दात गेला तर बहुधा तिची गरज नसते.

आणि मूळ गोष्ट: किडलेला दात दुखतो. दोन वर्षांचं मूल ‘दुखतंय’ म्हणत नाही. ते एका बाजूने चावतं, घास गालात धरून ठेवतं, पोळी सोडून वरणभातावर येतं. आईला वाटतं हट्टी झालंय.

दुधाच्या दाताला रूट कॅनल? हे तर नवीनच ऐकलं.

कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडली असेल आणि दात अजून काही वर्षं हवा असेल तर करतो. भरायचं औषध मात्र वेगळं असतं, दुधाच्या मुळासोबत विरघळून जाणारं, म्हणजे खालच्या दाताची वाट अडत नाही. वर स्टीलची कॅप, दात पडतो तेव्हा तिच्यासकट पडतो. पांढरी झिर्कोनियाची कॅप मिळते, महाग पडते. मागच्या दाढेला मी स्टीलचीच सांगते. कुणी हसत नाही, उलट वर्गात ‘आयर्न मॅन दात’ म्हणून भाव वाढतो. अगदी लहान, हात लावू न देणाऱ्या मुलांत कीड थांबवायला चांदीयुक्त फ्लोराइडचं द्रावण लावता येतं. सुई नाही, ड्रिल नाही. किडलेला भाग कायमचा काळा होतो, हे मी आधीच सांगते आणि सही घेते, कारण आज्यांना काळा दात बघवत नाही.

खर्च झेपत नसेल तर नेरूळ, खारघर आणि कामोठ्याच्या डेंटल कॉलेजांत बालदंतरोग विभाग आहेत, तिथे खासगी दवाखान्यापेक्षा खूप कमी पैशांत हे सगळं होतं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळला थेट गाडी आहे. वेळ हाताशी ठेवून जा.

सहा वर्षांच्या मुलाची मागची दाढ किडली. पडेल ना ती?

नाही. ही पक्की दाढ आहे, आणि ती आली हे तुम्हाला कळलंच नाही.

यात तुमची चूक नाही. पक्का दात म्हणजे आधी दुधाचा हलणार, पडणार, मग नवा येणार, असं सगळ्यांच्या डोक्यात असतं. ही दाढ कुणाचीच जागा घेत नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, रिकाम्या हिरडीतून, गुपचूप वर येते. रक्त नाही, हलणं नाही, फोटो नाही. मधल्या रेषेपासून मागे मोजत जा: सहावा दात दिसला तर तीच. मूल पहिलीत गेलं की मोजायला सुरुवात करा.

येताना तिच्या मागच्या भागावर कितीतरी महिने हिरडीचा पदर असतो, त्याखाली पोहे-बिस्किटाचा लगदा साचतो. पुढच्या दातांपेक्षा ती ठेंगणी असल्यामुळे ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. वरच्या पृष्ठभागावर इतक्या खोल आणि अरुंद घळ्या असतात की ब्रशचा केस आत शिरत नाही. आम्ही दातांना आकडे देतो; खालची डावी ३६ आणि उजवी ४६. माझ्या कागदांवर ‘कीड’ या शब्दापुढे हे दोन आकडे जितक्या वेळा आहेत तितका दुसरा कुठलाच नाही. आणि याच दाढेवर पुढची पन्नास-साठ वर्षं जेवायचंय.

ती पूर्ण वर आली की तिच्या घळ्या सीलंटने बुजवून घ्या. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, एका दाताला दहा मिनिटं. तोवर ब्रश गालातून आडवा घालून त्या एका दाढेवर वेगळा फिरवा.

कधी कधी ही दाढ येतानाच पिवळी-तपकिरी, खडूसारखी ठिसूळ असते आणि थंड पाणी लागलं तरी मूल दचकतं. तो किडीचा दोष नाही, इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, घडतानाच कच्चं राहिलेलं असतं. तिचं इनॅमल जन्माच्या सुमारास घडायला लागतं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वर्षांत काय झालं होतं ते मी विचारते. असा दात दिसला तर थांबू नका, तो भराभर झिजतो.

दुधाचा दात पडला नाही आणि मागून दुसरा आला. दुहेरी रांग!

खालच्या पुढच्या दातांत हे फार दिसतं, सहा-सात वर्षांच्या मुलांत. दुधाचा हलत असेल तर काही करू नका. पेरू, चिकी, मक्याचं कणीस खाऊ द्या आणि जिभेने ढकलू द्या. तो पडला की जीभच नव्याला पुढे आणते. दोन-तीन महिने झाले आणि दुधाचा ढिम्म हलत नसेल तर काढून टाकू.

पडलेला दात बघून काही जण घाबरून फोन करतात, ‘मूळ आत राहिलं.’ राहिलेलं नाही. नव्या दाताच्या वाटेत ते विरघळून गेलं. म्हणून तर पडलेला दात चुरमुऱ्यासारखा पोकळ आणि हलका लागतो.

नवे दात पिवळे आणि करवतीसारखे आलेत.

दुधाचे दात दुधासारखे पांढरे असतात, त्यांच्या शेजारी पक्के पिवळसर दिसतातच, कारण आतला पिवळा थर जाड असतो. सगळे बदलले की फरक जाणवत नाही. कडेचे तीन उंचवटे चावून झिजतात. पांढरं करणारी कुठलीही पेस्ट लावू नका.

लोहाचं औषध चालू असताना दात काळे झाले तर तो वरचा डाग असतो, पॉलिशने निघतो. औषध बंद करू नका, नंतर चूळ भरायला लावा.

आठव्या वर्षी पुढच्या दोन दातांत ही एवढी फट. तारा लावायच्या?

थांबा. सात ते अकरा या वयात जवळजवळ सगळीच मुलं थोडी विचित्र दिसतात: मोठे दात, छोटा चेहरा, मधे फट, बाजूचे दात पंख्यासारखे उलगडलेले. वरचे सुळे आतून खाली येताना शेजारच्या मुळांना ढकलत असतात. अकरा-बारा वर्षांला सुळे आले की दोन मिलिमीटरपर्यंतची फट आपोआप मिटते. दुधाच्या दातांतली फट तर चांगलीच, पुढच्या मोठ्या दातांसाठी सोडलेली जागा आहे ती. चिकटून-चिकटून सुंदर रांगेत असलेले दुधाचे दात बघून मला धाकधूक होते.

मात्र सातव्या वर्षी एकदा दाखवून ठेवा. खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, जबडा चावताना एका बाजूला सरकत असेल किंवा मूल तोंड उघडं ठेवून झोपत असेल, तर वाट बघायची नसते. अंगठा चोखायची सवय तीन-चार वर्षांपर्यंत सुटली तर दात बहुधा जागेवर येतात. मिरची-कडुलिंब लावून मार खाल्लेली मुलं अंधारात चोखतात, एवढा अनुभव आहे.

खेळताना दात पडला. काय करू?

आधी वय. दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या दाताला इजा होते. रक्त थांबवा, या.

पक्का असेल तर घड्याळ सुरू झालंय. पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात नको. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने पाच-दहा सेकंद धुवा, घासू नका. जमलं तर तिथेच खळग्यात बसवा, रुमाल चावायला द्या आणि निघा. नाही जमलं तर थंड दुधात टाका. अर्ध्या तासात बसला तर जगायची आशा चांगली, तासानंतर ती झपाट्याने घटते.

कासारवडवलीच्या टर्फवर दहा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात कोपर लागून निघाला. वडिलांनी तो काळजीपूर्वक टिश्यूपेपरात गुंडाळला, खिशात ठेवला आणि संध्याकाळच्या घोडबंदर रोडवरून माझ्यापर्यंत आले. सव्वा तास. मुळावरच्या पेशी सुकून कागदाला चिकटल्या होत्या. दात बसवला, पण तो टिकवायला किती भेटी झाल्या ते मुलगा बोटांवर मोजून सांगतो. टर्फच्या दारात दुधाची पिशवी मिळत होती. दात पिशवीत, पिशवी हातात, मग ट्रॅफिक किती का असेना.

पहिल्यांदा दाखवायला कधी आणायचं?

पहिला वाढदिवस होईपर्यंत. दुखायला लागल्यावर नव्हे. पहिल्याच भेटीत सुई दिसली तर ते मूल मला कॉलेजपर्यंत माफ करत नाही. आणि घरी ‘जेवला नाहीस तर डॉक्टर दात काढतील’ म्हणू नका. मी माझ्या कामात पुरेशी बदनाम आहे.

पडलेल्या दाताचं काय करायचं? स्टेम सेलसाठी जपून ठेवतात म्हणे.

तशा जाहिराती येतात, वर्षाला फी घेतात. मी माझ्या मुलीचे ठेवले नाहीत. दात धुवा आणि मुलाला द्या, मालक तोच.

आम्ही लहानपणी कौलांवर फेकायचो, उंदराला सांगून की तुझ्यासारखा बारीक धारदार दात दे. आता बाविसाव्या मजल्यावरून फेकला तर खालच्याच्या ग्रिलमध्ये पडतो आणि ग्रुपवर मेसेज येतो. मानपाड्याचा एक मुलगा दात काडेपेटीत साठवतो, मे महिन्यात संगमेश्वरला आजीकडे नेतो आणि तिथल्या कौलांवर एकदम फेकतो. गेल्या खेपेला पाच होते. चारच पोचले, एक दिवा पॅसेंजरच्या खिडकीतून गेला.